चाइल्डमाइंडरने ऑब्झर्वेशन लिहायचं म्हणजे नक्की काय लिहायचं?

इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी, व्हायचं ठरवलेल्या मराठी मैत्रिणींना मुलं सांभाळायची भीती नसते, स्वयंपाकाची नसते, फर्स्ट एडच्या कोर्सची पण नसते, भीती असते ती ऑब्झर्वेशन, म्हणजे मुलाने काय केलं-बोललं ते बघून केलेली नोंद, लिहायची. "अगं मूल दिवसभर खेळतं, खातं, झोपतं, त्यात एवढं लिहायचं काय?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे जमणार नाही असं बऱ्याच जणींच्या डोक्यात असतं, तर ते आधीच काढून टाका. याचा इंग्रजीशी संबंध फार थोडा आहे. नीट बघता आलं की साध्या चार वाक्यांत काम होतं, आणि बघितलंच नसेल तर कितीही भारी इंग्रजी असो, कागद पोकळच राहतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे स्वतःच्या घरी पैसे घेऊन ८ वर्षांखालचं मूल दिवसाला २ तासांपेक्षा जास्त सांभाळायचं असेल तर रजिस्ट्रेशन करावं लागतं, ऑफस्टेडकडे (शाळा आणि मुलं सांभाळणाऱ्यांची तपासणी करणारी सरकारी संस्था) नाहीतर चाइल्डमाइंडर एजन्सीकडे. बाहेरून बघितलं तर आपल्याकडच्या पाळणाघरासारखंच दिसतं, घर, चटई, खेळणी, दुपारची झोप. पण मुलं ५ वर्षांखालची असली की अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज, सगळे ईवायएफएस म्हणतात, ते सरकारी फ्रेमवर्क लागू होतं. २००८ पासून ते आहे, आणि शिकण्या-वाढण्याच्या बाबतीत मोठ्या नर्सरीकडून जी अपेक्षा तीच तुमच्या हॉलमधल्या चटईकडून. २०२४ च्या जानेवारीपासून चाइल्डमाइंडरसाठी या फ्रेमवर्कची वेगळी प्रत आहे, पण शिकण्याचा गाभा सारखाच. एका वेळी ८ खालची जास्तीत जास्त ६ मुलं, त्यातली अगदी लहान, म्हणजे साधारण ५ वर्षांपर्यंतची, ३, आणि त्यातलं वर्षाखालचं साधारणपणे एकच. काही अपवाद आहेत, भावंडांसाठी वगैरे, पण ढोबळ हिशोब हा. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे, मी फक्त इंग्लंडचं बोलतेय.

फ्रेमवर्कमध्ये शिकण्याचे ७ भाग केलेत. पहिले ३ पायाचे, भाषा आणि संवाद, शरीराची हालचाल, आणि मन-भावना-माणसांत मिसळणं. उरलेले ४ म्हणजे वाचन-लेखन, गणित, आजूबाजूचं जग, आणि चित्र-गाणी-नाच-नाटक. या ७ भागांची नावं बघूनच लोक घाबरतात आणि प्रत्येक भागाचं रोज एक ऑब्झर्वेशन पाहिजे असं समजून बसतात. असं कुठेही म्हटलेलं नाही! फ्रेमवर्क म्हणतं काय, तर मुलाला काय आवडतं, काय जमतं, ते कसं शिकतं हे बघत राहा आणि त्याप्रमाणे त्याच्यासाठी पुढचं आखा, आणि वर हेही म्हणतं की या कामापायी मुलांबरोबरचा वेळ तुटता कामा नये आणि कागदांचा ढीग होता कामा नये. २०२१ च्या बदलांत तर स्पष्टच लिहिलंय की मूल कुठवर आलंय हे ठरवताना तुमची त्या मुलाबद्दलची माहिती आणि तुमचा अनुभव वापरा, ते सिद्ध करायला पुरावे गोळा करायची सक्ती नाही.

मग लिहायचंच कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. कारण न लिहिता आपण जे बघतो ते दोन दिवसांत धूसर होतं आणि त्याजागी आपलं मत येऊन बसतं. "तो ना, फार दंगेखोर आहे." हे मत झालं. त्याने मंगळवारी सकाळी नक्की काय केलं ते विसरलेलं असतं. लिहायला घेतलं की बघण्याला धार येते, आपण थांबतो, अजून अर्धा मिनिट बघतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात बऱ्याचदा खरी गोष्ट घडते.

आता मूळ मुद्दा. चांगल्या ऑब्झर्वेशनमध्ये तीन गोष्टी असतात, काय दिसलं, त्याचा मला काय अर्थ लागला, आणि आता मी पुढे काय करणार. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत एवढं पथ्य पाळलं तर निम्मं काम झालं.

उदाहरण घेऊ. वीस महिन्यांचा मुलगा, बागेत पाण्याचं टब, त्यात प्लास्टिकचा जग आणि दोनतीन भांडी. नेहमीचं ऑब्झर्वेशन असं असतं: "आज पाण्यात खेळताना खूप मजा आली. मोटर स्किल्स छान डेव्हलप होत आहेत." यातून मला त्या मुलाबद्दल काय कळलं? काहीच नाही, हे वाक्य इंग्लंडमधल्या कुठल्याही मुलाच्या फाइलमध्ये चिकटवता येईल. आता हे बघा: "दोन्ही हातांनी जग धरून छोट्या कपात पाणी ओतलं. कप भरून वाहायला लागला तरी ओतत राहिला, मग थांबला, कपाकडे बघितलं, जगात वाकून बघितलं. कप बाजूला ठेवला, मोठा डबा ओढला, त्यात ओतलं. जग रिकामा झाल्यावर माझ्याकडे बघून 'गॉन' म्हणाला, परत भरायला गेला." इथे एक मूल दिसतं. अर्थ असा लागतो की कपात मावत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने स्वतःहून मोठं भांडं निवडलं, म्हणजे किती मावतं याचा विचार चाललाय, आणि कोणी न सांगता उपाय बदलून बघितलाय. पुढे काय, तर उद्या टबात भोकं पडलेला डबा, चाळणी, उंच अरुंद बाटली ठेवायची, आणि तो ओततोय तेव्हा शेजारी बसून "भरलं", "रिकामं", "अजून मावेल का?" हे शब्द सहज येऊ द्यायचे. संपलं. पाचसहा ओळी. यात गणित आहे, भाषा आहे, हातांची ताकद आहे, तुम्हाला ७ रकाने वेगळे भरत बसायची गरजच नाही.

त्या नोंदीतल्या 'काय दिसलं' या भागात एक शब्द असा नाही बघा की जो डोळ्यांना किंवा कानांना कळला नसता. "मजा आली" हे दिसत नाही, "खिदळला" हे दिसतं. "कंटाळली" हे दिसत नाही, "दोनदा दाराकडे बघितलं आणि हातातला ठोकळा खाली सोडून दिला" हे दिसतं. आणि आपल्या मराठी घरांमध्ये तर मुलांना बिल्ले लावायची सवय फारच जुनी आहे, हा हट्टी, ही लाजाळू, तो आळशी, ही एकदम हुशार, घरातला प्रत्येक जण येता-जाता म्हणत असतो आणि प्रेमानेच म्हणतो. पण कागदावर हा बिल्ला गेला की तो त्या मुलाबरोबर पुढे जातो. लाजाळू लिहायच्या ऐवजी लिहा की नवीन मुलगा घरात आल्यावर ती माझ्या मागे उभी राहिली, त्याच्या गाड्या दुरून बघत होती, थोड्या वेळाने एक गाडी उचलून त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून खेळायला लागली. आता हे वाचून कळतं की ती घाबरलेली नाही, ती आधी बघून घेते आणि मग स्वतःच्या वेगाने जवळ जाते. लाजाळू म्हणून सोडून दिलं असतं तर हे दिसलंच नसतं, आणि मी तिला उगाच "जा ना, खेळ ना त्याच्याशी" म्हणून ढकलत बसले असते.

मूल जे बोललं ते जसंच्या तसं लिहायचं, हा माझा सगळ्यात आवडता नियम आहे. सुधारायचं नाही, व्याकरण नीट करायचं नाही. यामागे मोठी परंपरा आहे. सुझन आयझॅक्स या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९२४ पासून काही वर्षं केंब्रिजला माल्टिंग हाउस नावाची छोटी शाळा चालवली, तिथे मुलं काय करतात आणि काय बोलतात याच्या शब्दशः नोंदी ठेवल्या जायच्या. त्यातली एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेतला ससा रात्री मेला, सकाळी एका मुलाने बघितलं आणि सांगितलं की तो मेलाय कारण त्याचं पोट आता वर-खाली होत नाही. दुसरा म्हणाला की माझे बाबा म्हणतात पाण्यात ठेवला तर तो परत जिवंत होईल. या नोंदीच्या जागी कोणी "मुलांनी मृत्यूविषयी चर्चा केली" असं लिहिलं असतं तर शंभर वर्षांनी आपल्या हाती काय लागलं असतं? पहिल्या मुलाने श्वास आणि जगणं यांचा संबंध स्वतः जोडलाय, दुसरा ऐकलेलं पडताळून बघायला तयार आहे, हे सगळं त्यांच्या शब्दांमुळेच कळतं. त्याच्याही आधी चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या स्वतःच्या पहिल्या मुलाच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या होत्या, तो कधी दचकला, कधी रागावला, आणि १८७७ मध्ये त्यावर लेख छापला. म्हणजे ऑब्झर्वेशन हे सरकारने आपल्या डोक्यावर मारलेलं काम आहे असं समजू नका. मुलांबद्दल जे काही आज माहीत आहे त्यातलं पुष्कळसं असंच कोणीतरी शांतपणे बघून लिहून ठेवलं म्हणून माहीत आहे.

पण दिवसभरात हजार गोष्टी घडतात, त्यातलं लिहायचं कुठलं? मी म्हणेन नवीन ते लिहा. काल जमत नव्हतं आणि आज जमलं, पहिल्यांदाच एखादा शब्द दुसऱ्या ठिकाणी वापरला, किंवा ज्याने मला आश्चर्य वाटलं ते. रोज रंग ओळखतो हे रोज लिहू नका. आणि दुसरी खूण म्हणजे मूल कशात तरी पार बुडून गेलेलं असतं तो क्षण. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या फेरे लाव्हर्स यांनी यासाठी ५-५ पायऱ्यांच्या दोन मोजपट्ट्या केल्या, पहिली मूल किती खुशीत आहे याची आणि दुसरी ते कामात किती गुंतलंय याची, इथे बरेच जण त्या वापरतात. वरच्या पायरीवरचं मूल हाक मारली तरी ऐकत नाही, जीभ बाहेर काढून बारीक काम करतं, पडलं तरी परत उचलून लावतं. अशा वेळी मूल खरं शिकत असतं, तेव्हा तिकडे लक्ष द्या. आणि एखादं मूल दिवसचे दिवस खालच्या पायरीवर असेल, इकडून तिकडे फिरतंय, कशालाच हात लावत नाही, तर तेही लिहायलाच पाहिजे. कारण तिथे काहीतरी बदलायचंय आणि ते आपल्याला बदलायचंय, मुलाला नव्हे.

कधीकधी एक ऑब्झर्वेशन वेडगळ दिसतं पण पाच एकत्र ठेवले की चित्र उमटतं. एक मुलगी सोमवारी चमचे पर्समध्ये भरून किचनमधून हॉलमध्ये नेते, बुधवारी ढकलगाडीत दगड घालून बागेच्या दुसऱ्या टोकाला ओतते, शुक्रवारी सगळ्यांचे बूट एकेक करून जिन्याखाली नेऊन ठेवते. सुटं सुटं बघितलं तर पसारा आणि वैताग. एकत्र बघितलं तर ती एकच गोष्ट करतेय, वस्तू इथून तिथे नेणं. याला इथे स्कीमा म्हणतात, म्हणजे मूल एकच कृती वेगवेगळ्या वस्तूंवर परत परत करून बघतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या कामातून ही कल्पना आली आणि ख्रिस अथी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी ती लहान मुलांच्या रोजच्या खेळात दाखवून दिली. कोणी सगळं गुंडाळतं, झाकतं, स्वतः चादरीखाली जातं. कोणी सगळं फेकतं, वरून खाली टाकतं. कोणाला गोल फिरणाऱ्या गोष्टींचं वेड, वॉशिंग मशीनसमोर बसून राहतं. हे कळल्यावर माझं वागणं बदलतं. फेकणाऱ्या मुलाला दिवसभर "फेकू नकोस" म्हणण्यापेक्षा मी त्याला मऊ चेंडू आणि टोपली देते, उतरता पाइप देते त्यातून गाड्या सोडायला, आणि नेणाऱ्या मुलीला पिशव्या, बादल्या, आणि जेवणाआधी टेबलावर चमचे नेऊन ठेवायचं काम.

वागण्याचा प्रश्न असेल तर वेगळ्या पद्धतीने लिहायचं. समजा दोन वर्षांचं मूल चावतं. घरात सगळे हैराण, दुसऱ्या मुलाचे आईवडील चिडलेले. अशा वेळी दर वेळचं तीन भागांत लिहायचं, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं. इथे याला ए-बी-सी म्हणतात. वेळ जरूर लिहायची. आठवडाभरात असं दिसू शकतं की सगळे प्रसंग साडेअकरा ते बारामध्येच होतायत, भूक लागलेली, झोप आलेली, आणि दर वेळी कोणीतरी त्याच्या अगदी अंगाजवळ येऊन त्याच्या हातातली वस्तू ओढलेली, आणि तोंडात "माझं" हा शब्द अजून नाही. मग उपाय समोरच येतो, जेवण अर्धा तास अलीकडे आणायचं, त्या वेळात दोघांना थोडं लांब बसवायचं, एकाच प्रकारची दोन खेळणी ठेवायची, आणि हात पुढे करून "नको" म्हणायला शिकवायचं. नुसतं "आज परत चावला" असं पाच वेळा लिहून यातलं काही दिसलं नसतं. मूल दिवसभर कुठे रमतं हे कळत नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ओळ, आत्ता कुठे आहे, कोणाबरोबर, काय करतंय, असंही एखाद्या सकाळी करून बघता येतं, पण हे रोज करायचं काम नाही, दमछाक होते.

आता भाषेचं, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्या मुलांचा प्रश्न आहे. मराठी, गुजराती, तमिळ, पोलिश, कुठल्याही घरातलं मूल तुमच्याकडे आलं तर फ्रेमवर्क सांगतं की त्याला खेळताना-शिकताना घरची भाषा वापरायची संधी मिळेल असं बघा, आणि शाळेत जाईपर्यंत इंग्रजीही पुरेसं येईल असंही बघा. म्हणजे घरची भाषा बंद करा असं कोणीही सांगत नाही, तरी कितीतरी मराठी आईबाप घाबरून घरी मोडकं इंग्रजी बोलायला लागतात, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेली आजी गप्प बसते की माझ्यामुळे नातवंडाचं बोलणं बिघडेल. असं करू नका हो! आजीने भरपूर बोलावं, गाणी म्हणावी, चिऊकाऊच्या गोष्टी सांगाव्या.

ऑब्झर्वेशनमध्ये याचा अर्थ असा की मूल ज्या भाषेत बोललं त्याच भाषेत शब्द लिहा. "मला वॉटर पाहिजे" म्हणालं तर तसंच लिहा, हा गोंधळ नाही, तीन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे, क्रियापद शेवटी आणून मराठीच्या नियमाने बांधलेलं, आणि इंग्रजी शब्द बरोबर जागी बसवलेला. मुलाला किती शब्द येतात हे मोजताना दोन्ही भाषांतले मोजा. फक्त इंग्रजीचे मोजले तर दोन वर्षांचं चांगलं बोलणारं मूल मागे पडलेलं दिसेल. आणि तुम्हाला ती भाषा येत नसेल तर आईवडिलांना विचारायचं, घरी काय काय बोलतो, किती मोठी वाक्यं, सांगितलेलं कळतं का. फ्रेमवर्कमध्येही हेच आहे, इंग्रजी कमी पडतंय असं दिसलं तर भाषेचा विकासच उशिरा होतोय का, हे घरच्यांशी बोलून बघा, मग ठरवा. दोन्ही भाषांत शब्द कमी असतील, हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर मात्र "दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतोय" असं म्हणून गप्प बसायचं नाही, हेल्थ व्हिजिटरशी (लहान मुलांची तब्येत आणि वाढ बघणारी नर्स) बोलायला सांगायचं, कान तपासून घ्यायला सांगायचं.

याच टप्प्यावर कायद्याने लागणारी एक लेखी गोष्ट येते, दोन वर्षांची प्रोग्रेस चेक. मूल २ आणि ३ वर्षांच्या मध्ये असताना त्या पायाच्या ३ भागांवर पालकांना छोटा लेखी गोषवारा द्यायचा असतो, काय छान चाललंय आणि कुठे अपेक्षेपेक्षा कमी वाटतंय. हेल्थ व्हिजिटर पण साधारण त्याच वयात तपासणी करतात, त्यामुळे पालकांच्या संमतीने ही माहिती तिकडे गेली तर फार उपयोग होतो. आधीच्या महिन्यांतली चांगली दहाबारा ऑब्झर्वेशन्स हाताशी असली की ही चेक एका बैठकीत होते, नसली की रात्री बसून आठवावं लागतं आणि मग तेच "छान डेव्हलप होत आहे" वालं पोकळ लिखाण उतरतं.

डेव्हलपमेंट मॅटर्स नावाचं एक सरकारी मार्गदर्शक आहे, कोणत्या वयात साधारण काय दिसतं ते सांगणारं, आणि ते सक्तीचं नाही. २०१२ च्या आवृत्तीत वयाचे बारीक बारीक पट्टे होते, ८ ते २० महिने, १६ ते २६ महिने असे एकमेकांवर चढलेले, आणि त्यातल्या एकेका वाक्यासमोर टिक करत बसायची, मूल "इमर्जिंग" (नुकतं जमायला लागलेलं) का "सिक्युअर" (पक्कं जमलेलं) ते रंगवायची साथच आली होती. २०२० मध्ये ते नव्याने लिहिलं, आता मोठे तीनच टप्पे, जन्म ते ३ वर्षं, ३-४ वर्षं, आणि रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, आणि ही टिक करायची यादी नाही हे त्यातच म्हटलंय. माझं मत विचाराल तर पुस्तक कपाटात ठेवावं, मुलाला आधी बघावं, लिहावं, आणि मग शंका आली तरच उघडावं. यादी हातात घेऊन मुलाकडे बघितलं की यादीतलंच दिसतं. जगातल्या कुठल्याच यादीत "बूट जिन्याखाली नेतो" असं लिहिलेलं नाही.

काय लिहायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. दुसऱ्या मुलाचं नाव नको, कारण ही फाइल एका घरात जाते, "दुसऱ्या मुलाने" एवढं पुरे. घरातल्या भानगडी नकोत. निदान नको, "ऑटिझम वाटतो" असं लिहायचा आपल्याला अधिकार नाही. जे दिसलं ते लिहा आणि पालकांशी समोरासमोर, शांतपणे बोला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंगावरचा वळ, जखम, किंवा मुलाने सांगितलेली काळजीची गोष्ट शिकण्याच्या फाइलमध्ये किंवा अॅपवर जात नाही, ती सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, वेगळ्या, बंद ठेवलेल्या नोंदीत तारीख-वेळेसकट, मुलाच्या शब्दांत लिहायची आणि आपल्या काउन्सिलने ठरवून दिलेल्या मार्गाने लगेच कळवायची. फोटो काढायला पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलांची माहिती फोन-लॅपटॉपवर ठेवत असाल तर डेटा प्रोटेक्शनचं आयसीओकडचं (लोकांच्या खाजगी माहितीच्या वापरावर देखरेख करणारी संस्था) रजिस्ट्रेशन लागतं का ते बघून घ्या, बहुतेक वेळा लागतं.

वेळेचं कसं जमवायचं, कारण नर्सरीत चार जणी असतात आणि इथे एकटी मी, एक मूल पॉटीवर, एक रडतंय, तिसरं खिडकीतून कचऱ्याची गाडी बघतंय. मी फ्रिजवर एक छोटी वही लटकवून ठेवते आणि फक्त क्रियापदं आणि मुलाचे शब्द खरडते, "जग-वाकून बघितलं-मोठा डबा-गॉन", बस. दुपारी मुलं झोपली की त्याची चार वाक्यं करायची. टॅपेस्ट्री किंवा फॅमलीसारखी अॅप्स आहेत, पालकांना संध्याकाळी लगेच दिसतं, ते खूश होतात, चांगलंच आहे. फक्त फोनच्या मागून मुलाकडे बघायची सवय लागू देऊ नका, दोन वर्षांच्या मुलालाही कळतं की ही माझ्याकडे बघत नाहीये, फोनकडे बघतेय. आणि दर मुलामागे आठवड्याला किती पाहिजेत असा काही सरकारी आकडा नाही, महिन्याला दोनतीन मनापासून लिहिलेली मला पुरेशी वाटतात. फार लहान बाळ असेल तर थोडी जास्त, कारण तिथे बदलच भराभर होतात.

पालकांनाही यात घ्या. सोमवारी सकाळी दारातच "वीकेंडला काही नवीन?" असं विचारलं की "अहो काल त्याने देवघरातली घंटा वाजवली आणि मग प्रत्येक भांडं वाजवून बघत होता" असं काहीतरी हमखास मिळतं. ते त्यांच्या नावाने लिहा, आणि तुमच्याकडे भांडी, डबे, लाकडी चमचे काढून ठेवा.

इन्स्पेक्शनला ऑफस्टेडची बाई येते तेव्हा जाड फाइल हवी असं वाटून लोक रात्र रात्र जागतात. ती मुख्यतः तुम्ही मुलांशी कशा बोलता-खेळता ते बघते आणि विचारते, या मुलाला आत्ता काय येतं, तुम्ही त्याला पुढे काय शिकवू बघताय, आणि का. ज्या चाइल्डमाइंडरने पाण्याच्या टबासारखं खरं बघून लिहिलंय ती याचं उत्तर फाइल न उघडता देते, मोडक्या इंग्रजीत दिलं तरी चालतं.

आणि मूल तुमच्याकडून शाळेत, रिसेप्शनच्या वर्गात जाईल तेव्हा जाडजूड फाइल टीचर वाचणार नाही, तीस मुलांच्या वर्गात तेवढा वेळच नसतो, त्यामुळे पालकांना विचारून एका पानाचं पत्र द्या. पहिल्या सहा आठवड्यांत शाळेत सगळ्या मुलांची बेसलाइन असेसमेंट, म्हणजे सुरुवातीला कुठवर आलेत ते बघणारी छोटी चाचणी, होते, त्याच्या आत ते पोचलं तर बरं. त्यात ७ भागांचे मथळे नकोत. कशात रमतो, चिडला तर कशाने शांत होतो, घरी कुठली भाषा बोलतो आणि त्या भाषेत "शू लागली", "भूक लागली", "आई कधी येणार" कसं म्हणतो ते इंग्रजी अक्षरांत, नवीन ठिकाणी आधी बघून घेतो की लगेच मिसळतो, आणि गेल्या महिन्यातलं एक ऑब्झर्वेशन, जसंच्या तसं, तारखेसकट.